दासाला एक, राणीला सात

शैलाताई,

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले आणि मी अजून दुपारी एक वाजला की मशीन बंद करून उठते. हात धुते, चप्पल घालते, जिन्यापर्यंत जाते. मग आठवतं, आता कुणाला जेवायला वाढायला जायचं नाहीये. परत येऊन बसते. मुली बघून न बघितल्यासारखं करतात.

तुझी बातमी आली त्या दिवशी शेठने सगळी मशीनं बंद करायला लावली. आम्ही दोन मिनिटं उभ्या राहिलो. मग जी ती एकच म्हणत होती, "सुटली बिचारी." कशातून सुटलीस ते कुणी विचारलं नाही. मला माहीत होतं. शेवटचे आठ महिने दुपारी तुझ्या दाराला बाहेरून कुलूप कोण लावत होतं? मीच की.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, ताई. ते मला एकटीने पुढे नेता येत नाही आणि सोडवतही नाही.

चोवीस वर्षांपूर्वी मी कोलशेतच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात आले तेव्हा ठाकुर्लीत नुकतीच लग्न होऊन आलेले. शिवण येत होतं, पण मशीनवरचं भरतकाम येत नव्हतं. खिडक्यांना आतून खाकी कागद चिकटवलेले, उन्हाने रिळांचे रंग उडू नयेत म्हणून. बाहेर दिवस आहे की नाही कळायचं नाही. मला वाटलं, इथे माझा जीव गुदमरेल. तू खुर्चीवरून उठलीस आणि एक केशरी कपडा माझ्या हातात दिलास.

"हे काय आहे, सांग."

भरपूर चुण्या, कमरेला पट्टा. मी म्हटलं, "परकर."

"पुरुषांचा परकर!" म्हणालीस आणि अशी हसलीस की सगळ्या बायकांनी माना वर केल्या. "किल्ट म्हणतात. आयर्लंडचे बाप्ये घालतात. लग्नात घालतात, बँड वाजवताना घालतात. गुडघे उघडे टाकून, थंडीत!"

मला तोवर इंग्लंड ठाऊक होतं. आयर्लंड म्हणून वेगळा देश आहे, हे मी तुझ्याकडून शिकले. तिथल्या मुली नाचाच्या स्पर्धेला जे फ्रॉक घालतात, छातीपासून घेरापर्यंत भरलेले, ते आपण इथे भरतो. खांद्यावर पिन लावून मागे सोडायची शाल भरतो. बँडवाल्यांचे केशरी किल्ट शिवतो. ते आपल्याला ओळखत नाहीत आणि आपण त्यांची मापं पाठ म्हणून दाखवू शकतो.

जेवणाच्या सुट्टीत एकीने मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. ती "हं" म्हणाली आणि तिने आपली चटई जरा सरकवून घेतली. तू तुझा डबा उचललास, माझ्यासमोर येऊन बसलीस आणि न विचारता माझ्या डब्यातलं सुकट घेतलंस. "तिखट कमी टाकतेस गं," म्हणालीस. बस, एवढंच. नंतर चोवीस वर्षांत कुणी चटई सरकवली नाही. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. तुला आठवत तरी होतं का, माहीत नाही.

रंग तू शिकवलेस. किल्टचा केशरी मी पहिल्यांदा जुळवला तो थेट झेंड्याचा. तू रीळ परत टोपलीत टाकलंस. "हा मिरवणुकीचा झाला. त्यांचा केशरी थकलेला असतो. हळदीत कोऱ्या चहाचं पाणी पडलं की कसा होईल, तसा." मग मला जिन्यातल्या खिडकीशी नेलंस, कारण गाळ्यात उजेड फक्त ट्यूबचा. तिथे उभं राहून कपडा उलटा, सुलटा, तिरका धरायला शिकवलंस. हिरव्याचे नऊ प्रकार तू नावाने ओळखायचीस आणि नावं तुझीच. ओल्या शेवाळाचा, कच्च्या कैरीचा, एसटीच्या जुन्या सीटचा. खोपटच्या डेपोमागे तीस वर्षं राहिलेली बाई, सीटचा हिरवा तुझ्याशिवाय कुणाला सुचणार?

मग नोरा आली. आपल्या मोठ्या ऑर्डरी जिच्याकडून यायच्या ती बाई. एवढ्या वर्षांत ती एकदाच आली. पांढरे केस, उन्हाने लाल झालेलं नाक, आणि मांडीवर जुन्या चित्रांचं पुस्तक. स्टुलावर बसून चहा प्यायली, अजून मागितला. शेठची मुलगी तिचं बोलणं आपल्याला हिंदीत सांगत होती. पूर्वी त्यांच्याकडे बायका-पुरुष सगळेच लांब लिननचे झगे घालायचे, केशरी रंगवलेले. इंग्रजांचं राज्य आलं तेव्हा इंग्रजांनी त्या केशरी कपड्यावर बंदी आणली. लोकांनी तरी घातला. आता सगळे हिरवा हिरवा करतात, पण त्यांच्या देशाचा जुना मानाचा रंग निळा.

"निळा?" मी जोरात विचारलं.

"झालं," तू म्हणालीस, "आता ही आयर्लंडला जयंती काढायला जाईल."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग नोराने ती दुसरी गोष्ट सांगितली. फार फार पूर्वी म्हणे एका राजाने नियम केला, कुणी किती रंगांचे कपडे घालायचे. दासाला एकच रंग. सैनिकाला दोन. असं चढत चढत पंडिताला सहा आणि राजा-राणीला सात. नोरा मजेने सांगत होती, तिच्यासाठी ती परीकथा होती. तू बोटांवर मोजत म्हणालीस, "मग या नाचणाऱ्या पोरी सगळ्या राण्याच की गं. एकेका फ्रॉकला आपण अकरा रंग लावतो."

माझ्या तोंडून निघालं, "माझ्या पणजीला एकही नव्हता."

तू वळून बघितलंस.

मी सांगितलं. पणजीला नवं लुगडं नेसायची मुभा नव्हती. मयताच्या अंगावरचं उतरवलेलं मिळायचं, ते नेसायचं. रंग कुठला ते मयत ठरवणार. माझ्या आजीने हे मला अगदी सरळ आवाजात सांगितलेलं, पाऊसपाण्याचं सांगावं तसं.

तू म्हणालीस, "ते तुमच्या देशावर असेल. आमच्या कोकणात असलं काही नव्हतं."

"सगळीकडे होतं, ताई."

"आमच्या गावात नव्हतं. मी काय खोटं बोलते?"

तिथून ते सुरू झालं. पंधरा वर्षं आपण ते भांडण पुरवून पुरवून भांडलो. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, तुझ्या गणपतीच्या आदल्या दिवशी, कधी काही कारण नसताना, मान खाली घालून, दोघींची मशीनं चालू ठेवून. तू म्हणायचीस, "तुझ्या पुढ्यात बसून जेवते ना मी? मग?" मी म्हणायचे, "तू जेवतेस. प्रश्न तुझा नाहीच." "माझ्या आजीला तू बघितलं नाहीस, देवमाणूस होती." "देवमाणूस असेल, पण विचार तिला." "मेलेल्या माणसाला कसं विचारू?" इथे येऊन आपण थांबायचो. तू दुसऱ्या दिवशी घावने आणायचीस. ते खाऊन मी गप्प बसायचे, आणि गप्प बसल्याचा मला राग यायचा.

तुझी पहिली चूक मी पकडली, ताई. तीन वर्षं होतील आता. अकरा किल्टचं कापड तू पास केलंस आणि ते सरळ सरळ नारिंगी होतं. मला वाटलं, ट्यूबचा दोष. जिन्यात नेऊन बघितलं. नारिंगीच. तुला दाखवलं तर म्हणालीस, "बरोबर आहे. चहा घातलाय." आणि तुझे डोळे घाबरलेले होते. शेठला मी सांगितलं की पास मी केलेलं. महिनाभराने तू एका फ्रॉकची एकच बाही दोनदा भरलीस. त्यानंतर तुझा लेक मंगेश येऊन तुला घेऊन गेला. तू सगळ्यांना सांगत होतीस, "चार दिवसांनी येते."

मंगेशने खोपटची खोली सोडली आणि कोलशेतला टॉवरमध्ये घर घेतलं, चौदाव्या मजल्यावर, गाळ्यापासून दहा मिनिटांवर. जुना कारखाना पाडून उठलेली ती इमारत. तुला त्यात काय कळणार होतं? एके दिवशी तू पर्स आणि रिकामा डबा घेऊन खाली उतरलीस, रिक्षाने खोपटला गेलीस आणि डेपोत बसून राहिलीस. संध्याकाळी एका कंडक्टरने विचारलं, "मावशी, कुठे जायचंय?" तू म्हणालीस, "कोलशेत. कामाला उशीर झालाय." तुझ्या ब्लाउजला आत तुझ्या सुनेने, प्राचीने फोननंबर शिवलेला, म्हणून सापडलीस.

त्यानंतर कुलूप आलं. मी प्राचीला दोष देणार नाही. ती सकाळी सातला बाहेर पडते, मंगेश तिच्याही आधी. बाई ठेवली ती तू हाकलून दिलीस, दुसरीला ओरबाडलंस. प्राची माझ्याकडे गाळ्यावर आली, जिन्यातच उभी राहून म्हणाली, "मावशी, तुमचं त्या ऐकतात. दुपारी फक्त जेवायला घालाल? मला दुसरं कुणी सुचत नाही." आणि चावी माझ्या हातात ठेवली.

मी हो म्हटलं. मला वाटलं, मी तुला भेटायला जाणार आहे.

पहिल्या दिवशी लिफ्टमधून बाहेर आले तर तू जाळीच्या दरवाजाला दोन्ही हातांनी धरून उभी. "रंजना! किती वेळची हाक मारतेय." मी आत आले, वाढलं, तू जेवलीस, गप्पा मारल्यास. चाळीस मिनिटं झाली. मी निघाले तशी तूही चप्पल घालायला लागलीस. "चल, मी पण येते." मी म्हटलं, "ताई, उद्या." आणि बाहेर येऊन चावी फिरवली. तो आवाज झाला तेव्हा तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं त्या चटईवालीकडे मी बघितलेलं.

मग रोज तेच. रोज जाळीतून तुझी बोटं. "मी काय केलं गं?" एखाद्या दिवशी शिव्या. मंगेशला, प्राचीला, मला. मला तू अशा शिव्या दिल्यास की मी लिफ्टमध्ये चौदा मजले डोळे मिटून उतरायचे. गाळ्यात येऊन मशीनवर बसायचे, खाकी कागदासमोर, आणि ती आयर्लंडवाल्यांची गाठींची नक्षी भरायचे. एकच दोरा, वरून जातो, खालून जातो, त्याला टोक नाही. पूर्वी ती भरताना मला मजा यायची. आता मधेच सुई थांबवावीशी वाटायची आणि कुठे थांबवायची ते कळायचं नाही. सुट्टीच्या दिवशी ठाकुर्लीत घरी भाजी चिरताना घड्याळात एक वाजला की मी विळी आडवी करून पर्समधली चावी चाचपायचे.

एकदा मी तुला बाहेर काढलंच. बँडच्या किल्टचं कापड नव्या माणसाकडून आलेलं आणि शेड कुणालाच नक्की सांगता येईना. मी म्हटलं, काय व्हायचं ते होवो. तुला साडी नेसवली, वेणी घातली, रिक्षात बसवलं. जिने तू माझा हात न धरता चढलीस. मुली उठून उभ्या राहिल्या. तू कुणाचंही नाव घेतलं नाहीस, पण कापड हातात घेतलंस आणि कुणी न सांगता जिन्यातल्या खिडकीकडे गेलीस. उलटं, सुलटं, तिरकं. "पिवळा जास्त झालाय. चहा कमी." शेडचं कार्ड लावून बघितलं, तर खरंच! मुलींनी टाळ्या वाजवल्या. शेठ केबिनमधून बाहेर येऊन हात जोडून उभे राहिले. तुझा चेहरा, ताई! अख्ख्या वर्षात तो चेहरा मी बघितला नव्हता.

मग तू तुझ्या खुर्चीवर जाऊन बसलीस आणि उठेनास. "मी डबा आणलाय. सहाला निघेन." अर्धा तास मी विनवलं. शेवटी मी आणि वॉचमनने मिळून तुला उठवलं. उचललंच म्हण ना. माझ्या मनगटावर तुझ्या नखांची खूण अजून आहे. रिक्षाने घरी पोचलो तर प्राची दारात, पांढरीफटक. ती त्या दिवशी लवकर घरी आली होती, आणि घर रिकामं. तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मावशी, माझा जीव गेला असता." आणि तुला जवळ घेऊन रडायला लागली. तू तिच्या पाठीवर हात फिरवत होतीस आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगत होतीस, "हिने मला ओढत आणलं."

चावी तिने माझ्याकडेच ठेवली. "पुन्हा नको, एवढंच," म्हणाली.

त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी, तू तापाने पडायच्या तीनच दिवस आधी, मी तुला वरणभात भरवत होते. तू खिडकीतून खाडीकडे बघत होतीस. मधेच म्हणालीस, "गंगी हिरवं लुगडं नेसून आलेली."

"कोण गंगी?"

"मागल्या दारी यायची. तिचा मुलगा मुंबईला होता गिरणीत. त्याने आणलेलं. असा हिरवा मी बघितला नव्हता कधी. मी पायरीवर बसलेले." तू घास गिळलास. "आजीने तिला अंगणाबाहेरच उभं केलं. म्हणाली, जा, बदलून ये. मग पुढे बोल."

मी घास परत ताटात ठेवला.

"मग?"

"मग काय? गेली. जुनं नेसून आली. मला वाटलं, आजी ते लुगडं मला देईल की काय. मला इतकं आवडलेलं." मग तू माझ्याकडे वळलीस, आणि शपथ घेऊन सांगते, त्या क्षणी तुझे डोळे अगदी जागेवर होते. "होतं गं, रंजना. आमच्याकडे पण होतं."

पंधरा वर्षं मी या एका वाक्यासाठी भांडले होते. आणि माझ्या मनात काय आलं, सांगू? पावणेदोन वाजलेत. दोनला सॅम्पलचं पार्सल जायचंय. मी तुझं तोंड पुसलं, ताट घासलं आणि म्हटलं, "ताई, उद्या बोलू नीट." बाहेर आले आणि चावी फिरवली. तू जाळीशी आली नाहीस. खिडकीशीच बसून राहिलीस.

दुसऱ्या दिवशी मी गेल्या गेल्याच विचारलं, "ताई, गंगीचं सांग ना."

"कोण गंगी?" तू म्हणालीस. "आणि तू कोण गं?"

मग ताप, मग दवाखाना, मग चार दिवस. दवाखान्यात आत सोडत नव्हते. काचेतून तू दिसायचीस, नाकात नळ्या. तिथेही मी बाहेर आणि तू आत.

आता मी त्या वाक्याचं काय करू? ते तू कबूल केलंस की तुझ्या आजाराने बोलून टाकलं? तू मला दिलंस, की ते नुसतंच सांडलं आणि मी तिथे बसले होते? जिंकल्यासारखं मला एक क्षणही वाटलं नाही. मला त्या पायरीवर बसलेल्या लहान मुलीची दया आली. गंगीची जेवढी यायला हवी होती, तेवढी आली नाही, त्याचा राग आला. हे सगळं तुला सांगून भांडायचं होतं. तू म्हणाली असतीस, "बघ, तुला कशानेच बरं वाटत नाही." मी म्हटलं असतं, "नाहीच वाटत." आणि आपण दोघी मशीन चालू ठेवून तोंडं फिरवून बसलो असतो.

तुझ्या तेराव्यानंतर दोन दिवसांनी मंगेश गाळ्यावर आला. दारातच उभा राहिला. आईने जिथे एवढी वर्षं काढली ती जागा तो आतून पहिल्यांदा बघत होता. मी त्याला तुझी खुर्ची दाखवली. टेबलावर एक तयार फ्रॉक होता, निळ्यावर सोनेरी गाठी भरलेला. तो उलटा करून त्याने आतली बाजू बघितली, बोटाने दोरे चाचपले.

"हे आईने केलेलं?"

"नाही, मी. शिकवलेलं तिने."

तो खुर्चीवर टेकला. रुमाल काढला, पुन्हा खिशात ठेवला.

"मावशी, एक विचारू? ती मला शिव्या द्यायची का? दुपारी. तुम्ही असताना."

मुली हळूच आपापल्या मशीनकडे वळल्या. मला वाटलं, नाही म्हणावं. किती सोपं होतं ते. पण तुझ्या बाबतीत मी एवढी दारं लावली होती, हे एक मला लावता येईना.

"द्यायची," मी म्हटलं. "रोज. तुला, प्राचीला आणि मला."

"तुम्हालाही?"

"मला सगळ्यात जास्त. मी समोर असायचे ना."

तो हसला, ताई. अगदी तुझ्यासारखा, मान मागे टाकून. आणि हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला, मोठ्याने, भर गाळ्यात. मी फ्रॉक त्याच्या हाताखालून काढून घेतला नाही. भिजला. त्या निळ्यावर डाग पडला. शेठ बाहेर आले, बघून परत आत गेले. मी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले आणि त्याचं होईपर्यंत बसून राहिले. या वेळी घड्याळ बघितलं नाही.